कोठडीत मारहाण झाली तर : नागपुरात तक्रार कुठे, कशी आणि कोणत्या कागदांनिशी करायची

रिमांडसाठी हजर केलेल्या माणसाला न्यायदंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ बहुतेक जण मान खाली घालून ‘नाही’ म्हणतात. त्यांचंही खरंच आहे. मारणारे मागेच उभे असतात आणि पीसीआर (पोलीस कोठडी) मिळाला तर रात्री पुन्हा त्याच खोलीत जायचं असतं. पण पुढची सगळी लढाई या एका उत्तरावर ठरते. वर्षभरानं तक्रार केली की पहिला सवाल येतो, ‘तेव्हा कोर्टात का नाही सांगितलं?’

विधी सेवेच्या कामात एक पोरगा भेटला होता. अंगावर कुठे वळ नाही, शर्ट स्वच्छ. पण चालताना तो पाऊल कडेवर टेकवत होता. आईनं ते ओळखलं आणि वकिलाच्या कानात सांगितलं. वकिलानं न्यायालयाला विनंती केली, ‘याचे तळवे पाहावेत.’ तळवे काळेनिळे होते. त्याच दिवशी वैद्यकीय तपासणीचा आदेश झाला. म्हणून घरच्यांनी हजेरीच्या वेळी सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात थांबावं आणि माणूस कसा चालतो, बसतो, हात कसा उचलतो ते बघावं. अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आणावंच लागतं. वकील नसेल तर १५१०० वर फोन करा किंवा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्येच ते आहे.

आधी डॉक्टरचा कागद

अटकेनंतर लगेच सरकारी डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३ सांगतं. अटकेत स्त्री असेल तर तपासणी स्त्री डॉक्टरनं किंवा तिच्या देखरेखीखाली व्हावी. जखमा कोणत्या आणि त्या साधारण कधी झाल्या, हे डॉक्टरनं लिहायचं असतं. त्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा तो सांगेल त्या माणसाला द्यायची असते. ही प्रत लोक मागत नाहीत. मागा, आणि लेखी मागा. कोठडी वाढली तर दर ४८ तासांनी तपासणी व्हावी, हे सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी घालून दिलं आहे.

माणूस सुटून घरी आला असेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत जा आणि ‘पोलिसांनी मारलं’ असं स्वतःच्या तोंडानं सांगा, म्हणजे एमएलसी (पोलीस-कोर्टाच्या कामी येणारं वैद्यकीय प्रकरण) म्हणून नोंद होईल. ‘पडलो’ म्हणालात तर कागदावर तेच राहतं. वळाचा रंग दोन-चार दिवसांत बदलतो, म्हणून रोज फोटो काढा आणि मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका.

तक्रार कोण करू शकतं, कुठे करायची

पीडित स्वतः, घरचं कुणीही किंवा त्याच्या वतीनं दुसरा माणूस तक्रार करू शकतो. गुन्ह्याचा आरोप असलेल्या, अगदी शिक्षा झालेल्या माणसालाही हा हक्क आहे. ‘तो चोरच आहे’ हे मारहाणीचं उत्तर होऊ शकत नाही. कबुलीसाठी मारहाण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा आहे. त्याला ७ वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापत असेल तर १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९७ साली सही केली, पण तो अजून अनुसमर्थित, म्हणजे स्वतःवर बंधनकारक, केलेला नाही आणि छळाविरुद्ध वेगळा कायदाही झालेला नाही. त्यामुळे अर्जात कलम १२० चाच आधार घ्या.

पहिला अर्ज ठाण्यात. ठाणेदार घेत नसेल तर वाद घालत बसू नका. तोच मजकूर शहरात पोलीस आयुक्तांना, ग्रामीण हद्दीत पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टनं पाठवा. तिथेही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३(४) आणि १७५). पोलीस ‘हे कामाच्या ओघात झालं’ असा बचाव घेतील. कोठडीत मारणं हे कर्तव्याचा भाग नाही, हा मुद्दा वकिलाला सुरुवातीलाच मांडायला सांगा.

दुसरं ठिकाण पोलीस तक्रार प्राधिकरण. पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली दिलेल्या आदेशानंतर महाराष्ट्रात पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन राज्य आणि विभाग अशा दोन पातळ्यांवर ते आलं. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक अशा तक्रारी तिथे चालतात.

तिसरं ठिकाण मानवाधिकार आयोग. राज्याचा मुंबईत, राष्ट्रीय दिल्लीत. फी नाही आणि अर्ज मराठीत चालतो. दोन गोष्टी मात्र सांभाळा. घटनेपासून एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे आणि दोन्ही आयोगांकडे एकाच वेळी जाऊ नका. राज्य आयोगात प्रकरण सुरू असेल तर राष्ट्रीय आयोग ते घेत नाही. न्यायप्रविष्ट प्रकरणही आयोग सहसा ऐकत नाही, म्हणून कुठे आधी जायचं हे वकिलाला विचारून ठरवा.

भरपाईसाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करता येते. ओडिशातल्या नीलाबती बेहरा या आईनं मुलाच्या कोठडीतल्या मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्या पत्राचीच याचिका झाली आणि १९९३ साली तिला दीड लाख रुपये भरपाई मंजूर झाली. वर सांगितलेल्या बसू खटल्याची सुरुवातही एका पत्रानंच झाली होती. आपल्या विदर्भातल्या देसाईगंज ठाण्यातलं १९७२ चं बलात्काराचं प्रकरण घ्या; तिथेही एका पत्रानं फरक पडला. नागपूर खंडपीठानं पोलिसांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयानं सोडलं, त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

कोठडीत मृत्यू झाला असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी बंधनकारक आहे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १९६) आणि शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवून तिथे हजर राहू द्यायचं असतं. शवविच्छेदनाचं चित्रीकरण करण्याच्या सूचना राष्ट्रीय आयोगानं दिलेल्या आहेत. ते होतंय का, हे लेखी विचारा.

कागदपत्रं

ओळखपत्र, अटकेचा पंचनामा किंवा मेमो, वैद्यकीय अहवाल, फोटो, रिमांडच्या आदेशाची प्रत, साक्षीदारांची नावं. अनुसूचित जाती किंवा जमातीचे असाल आणि मारणारा या दोन्हींपैकी कुठल्याच प्रवर्गातला नसेल तर अ‍ॅट्रॉसिटीची कलमंही मागा. जातीचा दाखला हाताशी असेल तर जोडा, त्यासाठी तक्रार अडवून ठेवू नका. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत. बेड्यावरून (पारध्यांच्या वस्तीवरून) माणसं उचलली जातात तेव्हा ही गोष्ट कुणी सांगत नाही.

सीसीटीव्हीचा अर्ज वेगळा आणि त्याच आठवड्यात करा. परमवीर सिंग सैनी खटल्यात (२ डिसेंबर २०२०) सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसह, कॅमेरे लावायला सांगितलं. चित्रण १८ महिने ठेवावं, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष. अर्जात ‘अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवावं’ असं लिहा. तारीख-वेळ नसलेला अर्ज तसाच पडून राहतो.

तक्रारीतही ‘अमानुष छळ केला’ एवढंच लिहू नका. ‘मंगळवारी रात्री साधारण अकरा वाजता, मागच्या खोलीत, दोघांनी पाय धरले, तिसऱ्यानं पट्ट्यानं तळपायावर मारलं, नाव माहीत नाही, पाहिल्यास ओळखीन’ असं लिहा. जे आठवत नाही ते भरू नका. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.