तांग दरबारातील गौतम घराणे आणि भारतीय ज्योतिर्गणित

भारत आणि चीन यांच्या प्राचीन संबंधांचा विषय निघाला की बौद्ध धर्म, फाहियान, ह्युएन त्सांग आणि नालंदा यांच्यापाशीच बोलणे थांबते. त्याच काळात भारतीय वंशाचे ज्योतिर्विद चीनच्या राजधानीत पिढ्यान्‌पिढ्या राजाश्रयाने पंचांगे रचत होते, ही गोष्ट मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

सुई राजवंशाच्या इतिहासातील ग्रंथसूचीत ‘ब्राह्मण’ हे विशेषण लावलेल्या खगोल व गणितविषयक पुस्तकांची नोंद आहे. ती पुस्तके आज उपलब्ध नाहीत. पुढे तांग काळात (६१८–९०७) काश्यप, गौतम आणि कुमार या तीन भारतीय घराण्यांच्या गणितपद्धती चांगआन या राजधानीत प्रचारात होत्या आणि त्यांपैकी गौतमांची पद्धत अधिक वापरात होती, असे ७६४ सालच्या एका टीपेत म्हटले आहे. या घराण्यातील गौतम झुआन (७१२–७७६) याचे थडगे १९७७ साली जुन्या चांगआनच्या परिसरात सापडले. त्यातील शिलालेखामुळे घराण्याच्या पाच पिढ्यांची नावे कळली आणि मूळचे मध्य भारतातील हे लोक स्वतःला राजधानीचेच रहिवासी मानू लागले होते, हेही स्पष्ट झाले. झुआनचे आजोबा गौतम लो यांनी सम्राज्ञी वू झेत्यान हिच्या आज्ञेवरून ६९८ साली पंचांग रचले होते, तर वडील गौतम सिद्ध हे राजज्योतिष खात्याचे प्रमुख होते.

चीनमध्ये पंचांग हा राज्यकारभाराचाच भाग होता. सम्राटाला स्वर्गाने दिलेल्या अधिकाराची खूण म्हणून त्याकडे पाहिले जाई, त्यामुळे वर्तवलेले ग्रहण चुकले की राजाच्या प्रतिष्ठेला धक्का बसे. ग्रहणगणितात वेगळी वाट दाखवणाऱ्या परदेशी कुळाला दरबारात स्थान मिळाले, याचे कारण मला तरी या निकडीतच दिसते.

सम्राट श्वानझोंगच्या आज्ञेवरून गौतम सिद्ध यांनी ७१८ साली ‘जिउझी ली’, म्हणजे नवग्रहांचे पंचांग, चिनी भाषेत उतरवले. वर्तुळाचे ३६५ १/४ भाग करण्याच्या चिनी प्रथेऐवजी त्यात ३६० अंश आहेत. ३४३८ ही त्रिज्या धरून दर ३ अंश ४५ कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतराने दिलेली ‘ज्या’ मूल्यांची, म्हणजे त्रिकोणमितीतील साइनची, सारणीही आहे. आर्यभटाची सारणीही याच मापांची आहे. नऊ अंक कसे लिहावेत, दहा झाल्यावर पुढच्या स्थानी कसे जावे आणि रिकाम्या स्थानी नेहमी बिंदू कसा मांडावा, हेही तेथे समजावून सांगितले आहे. चीनमध्ये शून्यचिन्हाचा झालेला हा फार जुना लेखी परिचय होय.

तरीही तो बिंदू तेथे रुजला नाही. चिनी गणिती गणनाकाड्या मांडून हिशेब करीत. त्या पद्धतीत स्थानमूल्य आधीपासून होते आणि रिकामी जागा रिकामीच ठेवली की काम भागत असे. शून्यासाठी वर्तुळाकार चिन्ह चिनी गणितग्रंथात थेट १२४७ साली दिसते. तांग राजवंशाच्या नव्या इतिहासाने तर नवग्रह पंचांगाचे गणित काड्यांऐवजी लिहून केले जाते, ते किचकट आहे आणि त्याचे भाकीत जुळलेच तर योगायोगाने जुळते, असा शेरा मारला आहे.

या शेऱ्यामागे एक भांडण आहे. यीशिंग या बौद्ध भिक्षूने रचलेले दायान पंचांग ७२९ साली लागू झाले. ते रचण्याच्या कामातून वगळल्यामुळे नाराज असलेल्या गौतम झुआनने ७३३ साली, इतर काही अधिकाऱ्यांच्या साथीने, हे पंचांग नवग्रह पंचांगावरून अर्धवट उचलल्याचा आरोप केला. वेधशाळेतील नोंदींशी पडताळणी झाली, तेव्हा दायान पंचांग दहापैकी सात-आठ वेळा, जुने लिंदे पंचांग तीन-चार वेळा आणि नवग्रह पंचांग एक-दोन वेळाच जुळले. या निकालाने भारतीय पद्धतीची दरबारी बाजू लंगडी पडली.

फलज्योतिषाचे मात्र उलट झाले. राहू आणि केतू हे ‘लुओहोउ’ व ‘जिदू’ या नावांनी चिनी जातकशास्त्रात पक्के बसले. अमोघवज्र या भिक्षूने ७५९ साली नक्षत्रे आणि सात वारांवरचा ग्रंथ चिनीत आणला. आज कोणता वार आहे हे विसरल्यास सोग्दियन (मध्य आशियातील), इराणी किंवा भारतीय माणसाला विचारावे, असा व्यवहारी सल्लाही त्याच्या टीपेत दिलेला आहे. कूकाई या भिक्षूने हा ग्रंथ ८०६ साली जपानला नेला.

नवग्रह पंचांग आपल्यापर्यंत पोहोचले ते गौतम सिद्ध यांच्याच १२० खंडांच्या ‘काइयुआन झानजिंग’ या संकलनातून. ग्रहताऱ्यांवरून शकुन सांगणारे ग्रंथ सर्वांना खुले नसत आणि हे संकलनही शतकानुशतके दिसेनासे झाले होते; १६१६ साली एका बुद्धमूर्तीच्या पोटात त्याची प्रत सापडली. ती मिळाली नसती, तर या गणिताविषयी आपल्याकडे प्रामुख्याने विरोधकांचा शेराच उरला असता.