संदर्भसूचीत न दिसणारा संदर्भ

रसायनशास्त्रातील एखाद्या शोधनिबंधाची संदर्भसूची शेवटपर्यंत वाचली, तरी तिच्यात विकिपीडियाचे नाव सहसा सापडत नाही. त्या निबंधाच्या मजकुरावर मात्र विकिपीडियाची छाप असू शकते, आणि ती मोजताही येते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे नील थॉम्प्सन आणि पिट्सबर्ग विद्यापीठाचे डग्लस हॅन्ली यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात हेच मोजले होते. इंग्रजी विकिपीडियावर तोपर्यंत ज्यांच्याविषयी लेख नव्हते असे रसायनशास्त्रातील विषय त्यांनी निवडले आणि त्या शाखेतील पदव्युत्तर संशोधक विद्यार्थ्यांकडून त्यांवर लेख लिहून घेतले. नव्या औषधाच्या चाचणीत रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट करतात, त्याच पद्धतीने या लेखांचेही दोन गट केले. एका गटातील लेख विकिपीडियावर चढवले आणि दुसऱ्या गटातील लेख कोणालाही न दाखवता राखून ठेवले. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांची भाषा कोणत्या गटाच्या लेखांकडे अधिक झुकते, हे संगणकाच्या साहाय्याने तपासले.

ती प्रसिद्ध झालेल्या लेखांकडे झुकलेली आढळली. संबंधित विषयांवरील शोधनिबंधांत दर ३०० शब्दांमागे सुमारे एका शब्दावर विकिपीडियाचा प्रभाव असल्याचा अंदाज दोघांनी मांडला. हे प्रमाण क्षुल्लक वाटेल. पण सहा हजार शब्दांच्या निबंधात त्याचा अर्थ सरासरी वीस शब्द असा होतो, आणि कोणत्याही एका स्रोताने संपूर्ण शाखेच्या लिखाणात एवढी जागा व्यापणे ही लहान गोष्ट नव्हे. विकिपीडियाच्या लेखांत ज्या मूळ शोधनिबंधांचा हवाला दिला होता, त्यांना नंतर अधिक उद्धरणे मिळाली, हेही या अभ्यासात दिसून आले. संशोधकांनी खुद्द विकिपीडियाचे हवाले न मोजता शब्दांचे साम्य का मोजले, याचे उत्तर प्रस्तुत लेखाच्या विषयाशी, म्हणजे पीएच.डी.चे विद्यार्थी कोशांचा जो वापर न सांगता करतात त्याच्याशी, थेट जोडलेले आहे. विकिपीडियाचा हवाला जवळजवळ कोणी देतच नाही. त्यामुळे केवळ हवाले मोजले असते, तर प्रभाव शून्याजवळच दिसला असता.

आयर्लंडमध्ये याच धर्तीवर झालेला प्रयोग अधिक अस्वस्थ करणारा आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांवर विधी शाखेतील विद्यार्थ्यांकडून दीडशेहून अधिक लेख लिहून घेण्यात आले आणि त्यांतील निम्मे विकिपीडियावर टाकण्यात आले. २०२२ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, ज्या निवाड्यांवर लेख उपलब्ध होते त्यांचा दाखला न्यायालयांच्या नंतरच्या निकालपत्रांत २० टक्क्यांहून अधिक वाढला. न्यायाधीशांचे ठीक आहे, त्यांच्यापुढे खटल्यांचा ढीग असतो, असे म्हणून पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला येथे सुटका करून घेता येणार नाही. वेळेची टंचाई त्यालाही असतेच.

मग हा वापर लपून का राहतो? २००७ च्या सुरुवातीला अमेरिकेतील मिडलबरी कॉलेजच्या इतिहास विभागाने विद्यार्थ्यांना विकिपीडियाचा हवाला देण्यास मनाई केली. जपानच्या इतिहासाच्या परीक्षेत अनेक विद्यार्थ्यांनी सतराव्या शतकातील शिमाबारा उठावाला जेझुइट पाद्र्यांचे साहाय्य होते, असे एकच चुकीचे विधान लिहिले होते आणि त्याचा उगम विकिपीडियात सापडला. ही मनाई हवाला देण्यापुरती होती, वाचण्यावर नव्हती. विकिपीडियाचे एक संस्थापक जिमी वेल्स यांनीही, महाविद्यालयात असताना ज्ञानकोशाचा हवाला देऊ नये, असेच २००६ मध्ये सांगितले होते. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे, कारण कोश हा दुय्यम स्रोतांवर उभा असलेला तिसऱ्या पातळीवरचा स्रोत आहे, मग तो ब्रिटानिका असो वा विकिपीडिया. परंतु विद्यापीठांच्या व्यवहारात या तत्त्वाला निराळेच रूप आले. हवाला देऊ नका या सूचनेतून वापरा, पण सांगू नका, ही सवय तयार झाली, आणि मार्गदर्शकही बहुधा त्याच सवयीत वाढलेला असल्याने तो याविषयी काही विचारत नाही.

प्रत्यक्षात संशोधक विद्यार्थी कोशाकडे सर्वाधिक जातो तो नोंदणीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, पूर्वसाहित्याचा आढावा सुरू होण्याच्या आधी. त्या वेळी त्याला उत्तरांपेक्षा शोधशब्दांची गरज असते. मातीतील जिवाणूंवर काम करू पाहणाऱ्याला त्या जिवाणूचे जुने शास्त्रीय नाव, बदललेले वर्गीकरण आणि शेजारच्या उपशाखेत रूढ असलेली संज्ञा ठाऊक नसेल, तर शोधनिबंधांच्या कोणत्याही संचयिकेत त्याला अर्धेच साहित्य सापडेल. विकिपीडियाच्या पानावरील पर्यायी नावे, वर्गांच्या याद्या आणि इतर भाषांतील लेखांचे दुवे या कामी फार उपयोगी पडतात; एखादी संकल्पना जर्मन किंवा फ्रेंच साहित्यात कोणत्या नावाने वावरते, हे भाषादुव्यावरून क्षणात कळते. दुसरा उपयोग मुख्य विषयाच्या सीमेवर होतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रबंधाच्या मधल्या प्रकरणात एखादी सांख्यिकी चाचणी वापरावी लागते, इतिहासाच्या विद्यार्थ्याला एखाद्या रोगाचे स्वरूप समजून घ्यावे लागते. स्वतःच्या क्षेत्रात जो विद्यार्थी प्रत्येक विधान पारखून घेतो, तोच शेजारच्या क्षेत्रात सर्वसामान्य वाचक असतो, आणि माझ्या मते खरी जोखीम येथेच आहे.

कोश वाचण्याच्या कौशल्याबाबत स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांचा २०१७ चा अभ्यास पाहण्यासारखा आहे. इतिहासात पीएच.डी. मिळवलेले १० जण, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ पदवी विद्यार्थी अशा ४५ जणांना त्यांनी इंटरनेटवरील माहितीची विश्वासार्हता ठरवण्याचे काम दिले. इतिहासतज्ज्ञ अनेकदा फसले. समोरचे संकेतस्थळ त्यांनी एखाद्या दस्तऐवजासारखे वरपासून खालपर्यंत बारकाईने वाचले, आणि त्याच्या रेखीव मांडणीवर व भारदस्त नावावर विसंबले. तथ्यतपासनीस मात्र ते पान लगेच सोडून जात, दुसऱ्या खिडक्या उघडून त्या संस्थेविषयी इतरत्र काय लिहिले आहे ते पाहत, आणि या शोधात विकिपीडियाचाही आधार घेत. पण तेथील परिच्छेदांपेक्षा लेखाच्या तळाशी असलेल्या संदर्भांना ते अधिक महत्त्व देत. म्हणजे उच्च पदवीने हे कौशल्य आपोआप येत नाही.

तळाशी जाणारे वाचक किती थोडे असतात, याचेही मोजमाप झाले आहे. इंग्रजी विकिपीडियावरील वाचकांच्या वर्तनाचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की लेख ३०० वेळा उघडला जातो तेव्हा साधारण एकदा कोणीतरी संदर्भाच्या दुव्यावर टिचकी मारतो, आणि ती टिचकीही त्रोटक व कमी दर्जाच्या लेखांवर अधिक पडते. लेख जितका सुबक, तितका वाचक तेथेच थांबतो. हे आकडे सर्व वाचकांचे आहेत, संशोधकांचे नव्हेत. तरीही प्रबंधांत मूळ ग्रंथ न उघडता कोशातील तळटीप जशीच्या तशी, कधीकधी पृष्ठक्रमांकाच्या चुकीसह, उतरलेली आढळते तेव्हा त्यामागची सवय ओळखू येते.

तळटिपा उसन्या घेण्यात आणखी एक अडचण आहे. कोशातील संदर्भ म्हणजे त्या विषयातील सर्वोत्तम साहित्याची निवड असतेच असे नाही. स्वयंसेवकाला जे विनामूल्य वाचता आले, त्याचाही त्यात मोठा वाटा असतो. एका विश्लेषणानुसार सर्वांना खुल्या असलेल्या नियतकालिकाचा उल्लेख इंग्रजी विकिपीडियावर होण्याची शक्यता, सशुल्क नियतकालिकाच्या तुलनेत ४७ टक्के अधिक आढळली. केवळ या यादीच्या आधारे आढावा लिहिणारा विद्यार्थी शुल्काच्या भिंतीमागील साहित्य नकळत वगळतो. कोणाविषयी लेख आहे आणि कोणाविषयी नाही, यावरूनही असाच चकवा होतो. डोना स्ट्रिकलंड यांना २०१८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, तोपर्यंत इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्यावर लेख नव्हता. त्यांच्यावरील लेखाचा मसुदा त्याच वर्षी मे महिन्यात पुरेशा स्वतंत्र संदर्भांअभावी नाकारण्यात आला होता.

चुकांविषयी बोलताना ‘नेचर’ नियतकालिकाच्या २००५ च्या तुलनेचा उल्लेख टाळता येत नाही. तज्ज्ञांनी तपासलेल्या ४२ वैज्ञानिक नोंदींत विकिपीडियाच्या लेखात सरासरी सुमारे चार, तर ब्रिटानिकाच्या लेखात सुमारे तीन त्रुटी निघाल्या. ब्रिटानिकाने त्या तपासणीच्या पद्धतीवरच जोरदार आक्षेप घेतला. संशोधकाच्या दृष्टीने मात्र चुकांच्या सरासरीपेक्षा चूक कशी प्रवास करते, हे अधिक महत्त्वाचे आहे. २००८ मध्ये अमेरिकेतील एका विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याच्या लेखात गंमत म्हणून ‘ब्राझिलियन आर्डव्हार्क’ हे स्वतः रचलेले नाव घुसवले. पुढे ते वृत्तपत्रांत आणि एका विद्यापीठ मुद्रणालयाच्या पुस्तकातही छापले गेले, आणि मग त्या छापील उल्लेखांचा आधार विकिपीडियावरील त्याच नावाला मिळाला. पुराव्याचे वर्तुळ असे पूर्ण होते. दोन स्वतंत्र स्रोत एकच गोष्ट सांगतात म्हणून ती खरी मानणे, हा संशोधनपद्धतीतील जुना नियम येथे कुचकामी ठरतो, कारण ते दोन स्रोत मुळात एकच असतात.

बदलत्या मजकुराचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. विकिपीडियाच्या प्रत्येक पानाचा पूर्ण इतिहास जतन केलेला असतो आणि विशिष्ट दिवशीच्या आवृत्तीचा स्थायी दुवा मिळतो; ज्याला हवाला द्यायचाच आहे, त्याने तोच द्यावा. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांकडे तर यापेक्षा चांगली सोय आहे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी’ या विनामूल्य कोशातील नोंदी नामवंत अभ्यासक स्वतःच्या नावाने लिहितात, संपादक मंडळ त्या तपासते, आणि दर तिमाहीला संपूर्ण कोशाची न बदलणारी आवृत्ती जतन होते. या कोशाचा हवाला प्रबंधांत उघडपणे दिला जातो.

मराठीतून काम करणाऱ्या संशोधकाची परिस्थिती थोडी वेगळी आहे. इंग्रजी विकिपीडियावरील लेखांची संख्या ७० लाखांच्या आसपास आहे, मराठी विकिपीडियाची लाखाच्या आसपास. त्यामुळे आधार इंग्रजीचा आणि लिखाण मराठीत, अशी ओढाताण होते. त्याच वेळी मराठीत नोंदीखाली लेखकाचे नाव आणि संदर्भ देणारा मराठी विश्वकोश संकेतस्थळावर उपलब्ध आहे, तसेच श्रीधर व्यंकटेश केतकरांचे ज्ञानकोशाचे खंडही. (केतकर स्वतः अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे पीएच.डी. होते, आणि भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा प्रबंध आजही उद्धृत होतो.) संशोधकांनी येथे एक पथ्य पाळले पाहिजे. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा आहे, ज्ञानकोश १९२० च्या दशकातील आहे. संगणकाच्या पडद्यावर मात्र दोन्ही आजच लिहिल्यासारखे दिसतात. जनुकशास्त्रासाठी अशी नोंद वापरणे धोक्याचे आहे, तर १९२० च्या दशकात मराठी विद्वान जगाकडे कसे पाहत होते, हे तपासणाऱ्यासाठी केतकरांचे खंड हे प्राथमिक साधन आहे आणि त्यांचा हवाला देण्यात संकोचाचे कारण नाही.

प्रबंध सादर करताना हा सारा प्रश्न वाङ्मयचौर्याच्या तपासणीपुरता आक्रसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणी रद्द होते. तपासणीची प्रणाली जुळणारे शब्द ओळखते. म्हणून विद्यार्थी कोशातील परिच्छेदाची वाक्ये बदलतो, टक्केवारी खाली येते, आणि त्याबरोबर त्या परिच्छेदाचा मागही पुसला जातो. विकिपीडियाचा मजकूर कोणालाही मुक्तपणे वापरता येतो, पण त्याच्या परवान्याची अट श्रेय देण्याची आहे, हे किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.

उलट दिशेचा प्रवासही शक्य आहे. ‘आरएनए बायॉलॉजी’ या नियतकालिकाने २००८ च्या अखेरीस आरएनए या पेशींतील रेणूंच्या कुलांवरील विशिष्ट प्रकारच्या लेखांसाठी अशी अट घातली, की लेखकांनी त्या विषयावर विकिपीडियासाठीही लेख लिहावा. ‘प्लॉस कॉम्प्युटेशनल बायॉलॉजी’ने २०१२ पासून तज्ज्ञांनी तपासलेले आढावालेख विकिपीडियावर उतरवण्यास सुरुवात केली. भारतात अनेक प्रबंध आता शोधगंगा या राष्ट्रीय भांडारात खुले असतात, आणि पूर्ण होऊन सार्वजनिकरीत्या उपलब्ध झालेला पीएच.डी.चा प्रबंध, काही सावधगिरी बाळगून, इंग्रजी विकिपीडियावर संदर्भ म्हणून चालतो. म्हणून ज्या प्रकरणात कोशातील विधान हवाल्याविना उतरले आहे, तेच प्रकरण उद्या त्या विधानाखाली पुरावा म्हणून जोडले जाऊ शकते, आणि त्यानंतर येणाऱ्या विद्यार्थ्याला ते विधान संदर्भासह, नीट सिद्ध झालेले दिसेल.