पेन्शन बंद पडली, की मुळात नव्हतीच?

"मिल्ट्रीवाल्याले पेन्शन असतेच ना भाऊ!" पारावरचं हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. मारुतीच्या देवळात झोपणाऱ्या म्हाताऱ्या फौजीकडे गाव पाठ फिरवतं ते याच वाक्यामुळे.

असे फौजी दोन प्रकारचे, पण वरून दोघं सारखेच दिसतात. घर पडलेलं, अंगावर विरलेला खाकी स्वेटर, पिशवीत डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक. पण एकाची पेन्शन बंद पडलेली असते, दुसऱ्याला ती कधी लागलीच नव्हती.

पहिल्याचं काम सोपं. बहुतेक वेळा वर्षाचा हयातीचा दाखला राहिलेला असतो. वावरात राबलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नाही, पण मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. पेन्शन थकबाकीसह सुरू होते.

खरी गफलत दुसऱ्याची. जवानाला साधी पेन्शन लागायला १५ वर्षं नोकरी लागते. आठ-दहा वर्षांत घरी आलेला माणूस माजी सैनिक असू शकतो, पण सहसा पेन्शनर नसतो. त्याला बँकेत नेऊन काय मिळणार? तरी लोक नेतात आणि "काही निघत नाही" म्हणून परत आणून सोडतात. त्याच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची पेन्युरी ग्रँट, म्हणजे हलाखीतल्या माणसाला दर महिन्याची मदत आहे. वय ६५ च्या वर, हुद्दा हवालदार किंवा त्याखालचा, पेन्शन नाही, नियमित कमाई नाही, अशांना ती मिळते, त्यांच्या विधवांनाही. पूर्वी महिन्याला ४,००० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,०००. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो, तहसिलीतून नाही. आणि कृपा करून तिला पेन्शन म्हणू नका. पेन्शन हा नोकरीचा हक्क, ही निधीतून मिळणारी मदत. मागितल्याशिवाय ती येत नाही.

मात्र नोकरीची वर्षं कमी दिसली म्हणून लगेच ग्रँटचा फॉर्म भरू नका. आधी डिस्चार्ज बुकात घरी पाठवण्याचं कारण वाचा. नोकरीमुळे आलेल्या अपंगत्वावरून काढलं असेल, तर १५ वर्षं झालेली नसली तरी अपंगत्वाची पेन्शन लागू शकते. अशी केस ग्रँटवर भागवणं मला अजिबात पटत नाही.

बुकच पावसात गेलं असेल तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं: महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं इथेच नागपूरजवळ कामठीला. त्यासाठी फौजी नंबर लागतो. नातवाचं नाव विसरलेला बाबाही तो खडाखड सांगतो. पहिल्याच भेटीत लिहून घ्या.