तोब्रुकचा पाडाव : पार्श्वभूमी

लिबियाच्या वाळवंटी किनाऱ्यावर मोठ्या जहाजांना आडोसा देणारं खोल बंदर म्हणजे तोब्रुक. इटालियनांनी त्याभोवती सुमारे ५० किलोमीटर लांबीची संरक्षक फळी आखली, काँक्रीटची ठाणी बांधली, रणगाडे अडवायला खंदक खणला. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४१ मध्ये, ब्रिटनच्या बाजूनं लढणाऱ्या ऑस्ट्रेलियनांनी ते जिंकलं. एप्रिल ते डिसेंबर जर्मन-इटालियन फौजांचा वेढा आणि तो झेलणारे ‘तोब्रुकचे उंदीर’ हे प्रकरण बहुतेकांनी वाचलेलं असतं.

गोम आहे ती १९४२ ची. पहिल्या वेढ्यात समुद्रातून रसद पोचवताना नौदलाची बरीच जहाजं बुडाली होती. म्हणून फेब्रुवारीत कैरोतल्या तिन्ही ब्रिटिश दलांच्या प्रमुखांनी ठरवलं की तोब्रुकला पुन्हा वेढा पडू द्यायचा नाही. तशी वेळ आली तर ते सोडायचं. मग इथले सुरुंग उपसून पश्चिमेला गझाला इथल्या ब्रिटिश बचावफळीवर नेले. खंदक जागोजागी वाळूनं भरला.

जूनच्या मध्यावर जर्मन-इटालियन हल्ल्यात गझालाची फळी मोडली आणि लंडनहून तार आली : तोब्रुक सोडण्याचा प्रश्न नाही, असं आम्ही धरून चालतो. कैरोनं शब्दांत पळवाट काढली. वेढा पडू द्यायचा नाही, पण तोब्रुक ‘तात्पुरतं एकटं पडलं’ तर चालेल! पाठीशी समुद्र आणि उरलेल्या सगळ्या बाजूंनी शत्रू, अशा जागी या दोहोंत फरक तो काय? किल्ल्याला मोर्चे लागलेत, पण त्याला वेढा समजू नका, असा निरोप आपल्याकडच्या एखाद्या किल्लेदाराला गेला असता, तर त्यानं जासुदालाच वेडा ठरवलं असतं. तोब्रुकच्या दक्षिण आफ्रिकी सेनापतीला मात्र ठाणं धरायचंय की सोडायचंय, हे नीट न कळताच तयारी करावी लागली. हाताशी आठवडाही नव्हता.

२० जूनला पहाटे विमानांनी आग्नेय कोपरा भाजून काढला. तिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण होती. एका पलटणीला न झेपणारी लांबी, पुढे विरळ सुरुंग, बुजलेला खंदक. सकाळी साडेआठच्या सुमारास जर्मन रणगाडे आत होते. ‘फळी मराठ्यांच्या बाजूनं फुटली’ हे वाक्य लढाईच्या वर्णनांत हटकून येतं. सुरुंग कोणी उचलून नेले, हे त्याच परिच्छेदात क्वचितच असतं.

२१ जूनला सकाळी शरणागती. सुमारे ३३,००० कैदी, त्यांत अंदाजे अडीच हजार भारतीय. शेजारच्या गुरख्यांनी आणि स्कॉटिश पलटणीनं त्यानंतरही काही काळ झुंज दिली.

ब्रिटिश पंतप्रधानांना ही बातमी व्हाइट हाउसमध्ये मिळाली, आणि अमेरिकेनं ३०० शेर्मन रणगाडे देऊ केले. जुलैच्या सुरुवातीला संसदेत अविश्वास ठराव आला, तो ४७५ विरुद्ध २५ मतांनी पडला. जर्मन सेनापती रोमेल फील्डमार्शल झाला. तोब्रुकमध्ये हाती लागलेल्या गाड्या आणि इंधन घेऊन तो इजिप्तकडे निघाला; माल्टा बेटावरची ठरलेली स्वारी मागे पडली. इजिप्तमधल्या एल अलामीनच्या लढाईत तो हरल्यावर, १३ नोव्हेंबरला, ब्रिटिश फौजा तोब्रुकमध्ये परतल्या.