सेगरची ‘शेवटची’ पेनल्टी: पार्श्वभूमी

6 ऑगस्ट 2021 च्या रात्री, योकोहामात, कॅनडाविरुद्धच्या महिला फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, स्वीडनची कर्णधार कॅरोलिन सेगरने मारलेली पेनल्टी गोलच्या वरून गेली आणि स्वीडनचं ऑलिंपिक सुवर्ण हुकलं. त्यानंतर या कर्णधाराविषयी काहीही लिहायचं म्हटलं की ‘शेवटची पेनल्टी दवडलेली’ हे विशेषण आपसूक चिकटतं. ते चूक आहे, आणि चूक बारीक नाही.

सामना बरोबरीत राहिला की प्रत्येकी पाच पेनल्टींनी, तरीही बरोबरीच असेल तर पुढे एकेक पेनल्टीने निकाल लावतात, तो शूटआउट. त्या शूटआउटमध्ये एकूण बारा पेनल्टी मारल्या गेल्या. सेगरची नववी. दोन्ही संघांच्या चार-चार पेनल्टी मारून झाल्यावर स्वीडन 2-1 असं पुढे होतं, म्हणजे तिचा चेंडू जाळ्यात गेला असता तर सामना तिथेच संपला असता. ती संधी हुकली हे खरंच. पण तिचा चेंडू वर गेल्यावरही स्वीडन पुढेच होतं. कॅनडाने पाचवी मारून बरोबरी केली, मग स्वीडनची सहावी अडवली गेली आणि कॅनडाची सहावी आत गेली. स्वीडनच्या सहांपैकी चार वाया गेल्या. पहिली खांबाला लागली होती, चौथी गोलरक्षकाने अडवली होती. त्या दोघींची नावं आज कुणाला पटकन आठवत नाहीत. जिंकून देणारी आणि शेवटची यांतला फरक पुसला गेला, तो मुख्यतः ती कर्णधार होती म्हणून. स्वीडिश भाषेत ‘सेगर’ या शब्दाचा अर्थच विजय, त्यामुळे टोमणे मारणाऱ्यांचं आणखी फावलं.

पाचवी पेनल्टी छत्तीस वर्षांच्या, जादा वेळ धरून दोन तास मधली फळी सांभाळलेल्या खेळाडूकडे का दिली, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. थकव्याचा मुद्दा खोटा नाही. अंतिम सामना मुळात सकाळी अकराला ठेवला होता. उन्हाच्या धास्तीने दोन्ही संघांनी वेळ बदलून मागितली, तेव्हा तो रात्री नऊवर आणि टोकियोतून योकोहामात गेला. पण निवड करणाऱ्यांसमोर 2016 चं रिओ ऑलिंपिक होतं. रिओत उपांत्यपूर्व फेरीत अमेरिका आणि उपांत्य फेरीत ब्राझील, दोन्ही सामने शूटआउटवर गेले आणि दोन्ही वेळा सेगरने गोल केला. अमेरिकेच्या गोलरक्षकाने तेव्हा स्वीडनच्या संघाला भित्र्यांचा संघ म्हटलं होतं. पुढे मॅराकाना मैदानावर अंतिम सामन्यात जर्मनीकडून 1-2 असा पराभव झाला, ते स्वीडनचं पहिलं रौप्य. रिओचा तो जमाखर्च पाहता योकोहामात चेंडू तिच्याकडे देण्यात काही वावगं दिसत नाही.

स्वीडनच्या महिला फुटबॉलचं पेनल्टीशी नातं तसं जुनं. 1984 ची पहिली युरोपीय स्पर्धा त्यांनी इंग्लंडमध्ये ल्यूटनच्या चिखलात शूटआउटवरच जिंकली. तेव्हा निर्णायक पेनल्टी मारणारी चोवीस वर्षांची आघाडीपटू म्हणजेच रिओतली त्यांची प्रशिक्षक. सेगरचा जन्म 1985 चा, हेल्सिंगबोर्गचा.

राष्ट्रीय संघात ती आली 2005 मध्ये. त्याच वर्षी संघाची सूत्रं घेऊन 2012 पर्यंत ती सांभाळणारे प्रशिक्षक पुढे भारताच्या महिला संघाकडे आले. जानेवारी 2022 मध्ये नवी मुंबईत महिलांच्या आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेत इराणशी गोलशून्य बरोबरी झाली आणि मग करोनाने आपला संघ स्पर्धेबाहेर गेला, त्या वेळचे प्रशिक्षक हेच.

सेगरच्या क्लबांची यादी लांब आहे: लिंकोपिंग, अमेरिकेतले दोन संघ, पॅरिस, लियाँ. त्यात थांबावं असं ठिकाण टिरेसो. स्टॉकहोमच्या उपनगरातला हा क्लब पैसे ओतून उभा केला होता. मे 2014 मध्ये लिस्बनला चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो वोल्फ्सबुर्गकडून 3-4 असा हरला, आणि त्याच वर्षी पैशाअभावी देशातल्या लीगमधूनही बाहेर पडला. युरोपच्या उपविजेत्या संघातल्या खेळाडूंना काही आठवड्यांत नवं घर शोधावं लागलं. सेगर पॅरिसला गेली ती अशी. पुढच्या वर्षी पॅरिसकडून ती पुन्हा अंतिम सामन्यात पोचली आणि पुन्हा हरली.

2017 मध्ये ती माल्मोच्या रोसेनगोर्ड क्लबमध्ये आली. 214 आंतरराष्ट्रीय सामन्यांचा युरोपीय विक्रम जिच्या नावावर होता, ती जुनी सहकारी तेव्हा याच क्लबचा क्रीडाविभाग पाहत होती. 2021 मध्ये सेगरने तो विक्रम मागे टाकला. योकोहामानंतर ती थांबेल असं अनेकांनी धरलं होतं. ती थांबली नाही. 2023 च्या विश्वचषकासाठी अडतिसाव्या वर्षी, दुखापत असतानाही तिची निवड झाली तेव्हा जागा अडवल्याची कुरकुर झाली. ऑस्ट्रेलियाला 2-0 असं हरवून स्वीडनने तिसरा क्रमांक घेतला. 2011 आणि 2019 नंतर सेगरच्या वाट्याचं ते तिसरं विश्वचषक कांस्य. त्याच वर्षी ती राष्ट्रीय संघातून निवृत्त झाली, तेव्हा तिच्या खात्यावर 240 सामने होते.