बॅकअपला 'होस्टशी कनेक्ट झालं नाही' का येतं : नावांच्या मागची पन्नास वर्षं

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका ऑफिसचे सर्व्हर मी बघतो. मागच्या महिन्यात सलग चार दिवस सकाळी चहाच्या आधी मोबाईलवर तोच मेल, रात्रीचा बॅकअप फेल, होस्टशी (म्हणजे ज्या मशीनवर बॅकअप जायचा त्याच्याशी) कनेक्ट झालं नाही. आता मशीन चालू, केबल जाग्यावर, आयपीला (मशीनच्या आकड्यांतल्या पत्त्याला) पिंग जातंय, म्हणजे हाक मारली की उत्तर येतंय, अकाउंटची मंडळी निवांत काम करतायत, आणि नावानं शोधणारं बॅकअप म्हणतंय मला मशीन सापडतच नाही. हे कळायला जरा मागं जावं लागतंय, कारण नावाचा पत्ता काढायच्या तीन पद्धती वेगवेगळ्या ठिकाणी आल्या आणि जुनी एकही कुणी काढून टाकली नाही.

सुरुवात अगदी पेठेसारखी होती. आपल्याकडं मंगळवार पेठेत घर नंबर कोण विचारतंय, तालमीचं नाव आणि माणसाचं नाव सांगितलं की झालं. अर्पानेटवर (इंटरनेटच्या आधीचं अमेरिकेतलं नेटवर्क) पण मोजकीच कॉम्प्युटर, त्यांची एकच यादी, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची टीम ती सांभाळायची. १९७४ च्या सुमारास ती ऑनलाइन झाली. नवीन मशीन जोडलं की त्यांना कळवायचं, ते यादीत घालणार, आणि बाकी सगळ्यांनी ती यादी, म्हणजे होस्ट्स फाइल (नाव आणि त्याचा पत्ता), उतरवून घ्यायची. मशीन वाढली तशी यादी पण मोठी आणि उतरवून घेणारे पण जास्त, म्हणजे मशीन दुप्पट झाली की वाटपाचा भार चौपट.

मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस (डोमेन नेम सिस्टिम, नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था) मांडलं. एकाच ठिकाणी सगळी यादी नको, ज्यानं त्यानं आपापल्या भागाची नावं सांभाळायची, आणि एकदा विचारलेलं उत्तर ठराविक वेळ लक्षात ठेवायचं. ही मुदत म्हणजे टीटीएल. ती ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस, असली तर आज आयपी बदलला तरी काही मशीन उद्यापर्यंत जुनाच पत्ता सांगत बसणार. डीएनएस आलं खरं, पण होस्ट्स फाइल गेली नाही, प्रत्येक मशीनमध्ये ती तशीच राहिली. विंडोजमध्ये ती शोधायला सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात 'ईटीसी' नावाचा फोल्डर उघडावा लागतो. हे नाव युनिक्स या जुन्या सिस्टिमकडून आलंय, विंडोजच्या घरात पाहुण्यासारखं राहिलंय.

त्याच सुमाराला पीसीवाल्यांचा वेगळाच संसार चालू होता. मशीनला नावानं हाक मारायची त्यांची पद्धत नेटबायोस, १९८३ ची, आयबीएमच्या पीसी नेटवर्कसाठी साइटेक कंपनीनं केलेली. त्यात नावाला १६ जागा, पैकी शेवटची सर्व्हिसचा प्रकार सांगायला, म्हणजे हातात १५ अक्षरं. कुणी हौसेनं 'कोल्हापूर-अकाउंट-सर्व्हर' असलं इंग्रजीत लांबलचक नाव ठेवलं की नेटबायोसमध्ये शेपूट कापलं जातं आणि डीएनएसमध्ये पूर्ण राहतं, मग एकाच मशीनची दोन नावं. विंडोज २००० मध्ये ॲक्टिव्ह डिरेक्टरी (ऑफिसातली मशीन आणि युजर एकत्र सांभाळायची सोय) आली ती डीएनएसवरच, तरी नेटबायोस मागं राहिलंच.

आता बॅकअप. पूर्वी टेप ड्राइव्ह त्याच मशीनला लावलेला असायचा, नावाचा प्रश्नच नव्हता. पुढं सगळ्यांचा बॅकअप एका ठिकाणी घ्यायची पद्धत आली आणि नावाची खरी परीक्षा तिथं सुरू झाली. बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या, २००० साली सुरू झालेला प्रोजेक्ट. त्यात डायरेक्टर (कामं सांगणारा भाग) क्लायंटला (ज्याचा बॅकअप घ्यायचा ते मशीन) ९१०२ पोर्टवर, म्हणजे त्या नंबरच्या दारावर, हाक मारतो आणि सांगतो, तुझा डेटा अमुक नावाच्या स्टोरेजला (बॅकअप साठवणारा भाग) ९१०३ वर नेऊन दे. इथंच लोक फसतात, कारण त्या स्टोरेजचा पत्ता क्लायंट स्वतः शोधतो. आपण सर्व्हरवर बसून पिंग मारतो, सगळं बरोबर दिसतं, आणि क्लायंटला मात्र ते नाव भलतीकडंच नेतंय. स्टोरेजच्या पत्त्यात 'लोकलहोस्ट' (म्हणजे 'मी स्वतःच') लिहिलं तर क्लायंट स्वतःच्याच दारावर टकटक करत बसतो. डेबियनमध्ये (लिनक्सचा एक प्रकार) आणखी एक गंमत, इन्स्टॉल करताना मशीनचं स्वतःचं नाव होस्ट्स फाइलमध्ये १२७.०.१.१ ला (मशीनच्या आतल्या आतच चालणारा पत्ता) बांधलं जातं, त्या नावावर बॅकअपची सर्व्हिस ऐकायला बसवली तर बाहेरून कुणालाच ती सापडत नाही.

आमच्याकडं एनएसलुकअपनं (नावाचा पत्ता विचारायची कमांड) दोन दिवस फसवलं. ते नवीन आयपी अगदी बरोबर दाखवत होतं, कारण ते थेट डीएनएसला विचारतं, होस्ट्स फाइलकडं बघतच नाही. पिंग मात्र फाइल आधी बघतं, आणि बॅकअपचा एजंट (क्लायंटवर चालणारा प्रोग्राम) पण. क्लायंटवर बसून नावानं पिंग मारलं तेव्हा जुना आयपी आला आणि ट्यूब पेटली. फाइल उघडली, खाली एक ओळ, बॅकअप सर्व्हरचं नाव, जुना आयपी, पुढं हॅश (#, त्याच्यानंतरचं मशीन वाचत नाही) लावून इंग्रजी अक्षरांत 'पूर, तात्पुरतं'. २०१९ च्या महापुरात पाणी शिरायच्या आत बॅकअप सर्व्हर वरच्या मजल्यावर नेला, तिथला राउटर वेगळा, आयपी बदलला, आणि घाईत कुणीतरी ही ओळ टाकून काम चालू केलं. सर्व्हर नंतर वरच राहिला, त्यामुळं ओळ पण खरी ठरत राहिली. गेल्या महिन्यात नवीन बॅकअप मशीन आलं, नाव तेच ठेवलं, आयपी नवा, डीएनएसमध्ये बदल केला आणि ह्या ओळीची कुणाला आठवणच नाही.

ओळ काढायला गेलो आणि हात थांबला. शेवटी तिच्या सुरुवातीला अजून एक हॅश टाकला, कॅशे (लक्षात ठेवलेली जुनी उत्तरं) फ्लश केला, आणि रात्री साडेअकराला जॉब हातानं चालू करून बघत बसलो.