बालअपहरण आणि बचाव

अठरा वर्षांखालील मुलाला कायदेशीर पालकाच्या संमतीवाचून त्याच्या ताब्यातून नेणे म्हणजे बालअपहरण. मूल हसत, आपल्या पायांनी गेले तरी गुन्हा घडतो, कारण कायदा संमती पालकाची पाहतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १३७ नुसार त्याला ७ वर्षांपर्यंत कैद आहे. भीक मागायला लावण्यासाठी मूल पळवल्यास कलम १३९ नुसार किमान १० वर्षे सक्तमजुरी होते.

झोळी घेऊन फिरणारा अनोळखी माणूस मुले पळवतो, ही घरोघरची समजूत मुलांचे रक्षण करत नाही. महाराष्ट्रातील सर्वांत क्रूर प्रकरणात पळवणाऱ्या बायका होत्या. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींनी १९९० ते १९९६ या काळात गर्दीच्या ठिकाणांहून १३ मुले पळवली. चोरी करताना पकडले गेल्यास कडेवरच्या मुलाकडे पाहून लोक दया दाखवीत, एवढ्यासाठी ही मुले हवी असत. नकोशी झाल्यावर त्यांतील काहींना ठार मारले गेले. इतर अनेक प्रकरणांत तर पळवणारा ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा.

म्हणून ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ एवढे शिकवणे अपुरे आहे. कुणीही, अगदी काकाही, न्यायला आला तर घरी ठरवलेला परवलीचा शब्द विचारायचा आणि तो सांगता आला नाही तर जायचे नाही, हे मुलाला पक्के ठाऊक हवे. मोठ्यांना ‘नाही’ म्हणणे उद्धटपणाचे, असे आपण शिकवत आलो. या एका बाबतीत ती शिकवण घातक आहे. कुणी ओढू लागले तर नुसते रडू नये, कारण रडणारे मूल पाहून लोक त्याला हट्टी समजतात. ‘हे माझे बाबा नाहीत, वाचवा!’ असे ओरडावे आणि दुकानात, तिकीट खिडकीकडे किंवा लेकरू घेऊन असलेल्या बाईकडे धावावे. जत्रेत, वारीत लहानग्याच्या खिशात पालकांचा मोबाइल क्रमांक असावा. शाळेचे नाव दिसणारा गणवेशातला फोटो समाजमाध्यमांवर टाकू नये.

मूल दिसेनासे झाल्यास चोवीस तास थांबावे लागते, हा समज निराधार आहे. हरवलेल्या मुलाबाबत अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेत स्पष्ट केले. हद्दीचे कारण पुढे करून पोलिसांना तक्रार नाकारता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो संबंधित ठाण्याकडे पाठवावा लागतो. ताजा फोटो, अंगावरचे कपडे, शरीरावरील खूण ही माहिती लगेच द्यावी. ११२ वर पोलीस मिळतात. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि आज देशभर चालते.

अफवेनेही जीव गेले आहेत. मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असताना १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठेचून मारले. ते मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेले होते.